एकोणसाठ जादा पाय

भांडण एका पायावरून चाललं होतं.

"पाय मी केलाय, पण माप तुमचं!" असं मिस्त्री ओरडत होते, आणि "माप चोख होतं, तुम्ही भलत्याचंच माप उचललंत!" असं डॉक्टर. बंद दारातून आवाज असे बाहेर येत होते की बाकावर बसलेल्या बाईला कान द्यायचीही गरज नव्हती. तरी तिने दिले. ती नोकरीसाठी आली होती. कृत्रिम पाय बनवायच्या त्या कारखान्यात कारकुनाची एक जागा निघाली होती, आणि मुलाखतीला बोलावून दोन तास झाले तरी तिला कुणी विचारलं नव्हतं. ज्याच्या पायावरून भांडण जुंपलं होतं तो माणूसही त्याच बाकावर बसला होता, नवाकोरा पाय मांडीवर आडवा घेऊन.

"चार बोटं आखूड आहे," तो म्हणाला. "चाललो की होडीत उभं राहिल्यासारखं वाटतं."

"मग आत जाऊन सांगा की."

"सांगितलं ना. तेव्हापासूनच तर हे सुरू आहे."

बाई उठली आणि कुणी न बोलावता आत गेली. आत काय, नावाचा कागद डॉक्टरांच्या खोलीत, मापाचा कागद प्लास्टरच्या खोलीत आणि पंखा दोन्ही खोल्यांत गरगरत होता. कुठलं नाव कुठल्या मापाचं हे डॉक्टरांना आठवेल असं मिस्त्रींना वाटायचं, आणि मिस्त्रींना आठवेल असं डॉक्टरांना. बाईने दोघांकडे पाहिलं, दोन्ही खोल्यांतून त्या माणसाचे दोन कागद आणले, कॉलरला टोचून ठेवलेली दोऱ्याची सुई काढली आणि चार टाके घालून दोन्ही कागद एकमेकांना शिवून टाकले.

"आता गेले तर दोघे जातील, राहिले तर दोघे राहतील," ती म्हणाली. "बाहेरच्या माणसाला तेवढं आत घ्या. बिचारा पाय धरून बसलाय, तोही दुसऱ्याचा."

डॉक्टर म्हणाले, उद्यापासून या. मिस्त्री म्हणाले, उद्या कशाला, आत्ताच बसा. त्या दिवशी दोघांचं पहिल्यांदा एकमत झालं, असं नंतर सगळे सांगायचे.

त्याला एकतीस वर्षं झाली. डॉक्टर पाच बदलले. मिस्त्री तेच राहिले, फक्त मिशा पांढऱ्या झाल्या. आणि त्या बाईचं नाव हळूहळू सगळेच विसरले, कारण पुढे मापंही तीच घेऊ लागली आणि तिला सगळे मापवाली म्हणू लागले. तिने मनावर घेतलं नाही. तिला स्वतःलाच लोकांची नावं आठवायची नाहीत. चेहरे तर अजिबात नाहीत. गुडघे मात्र पाठ. रस्त्यात कुणी नमस्कार केला की ती क्षणभर गोंधळायची, मग तिची नजर खाली जायची आणि चेहरा उजळायचा. "अहो, तुम्ही तर उजवा, गुडघ्याखाली चौदा सेंटिमीटर!" नवरा अशा वेळी चार पावलं पुढे निघून जायचा आणि दुकानाच्या काचेत काहीतरी बघत उभा राहायचा.

मापवालीचं एक व्यसन होतं, ते म्हणजे शेरा. मापाच्या कार्डावर शेवटी एक रिकामी जागा असायची. डॉक्टर तिथे "ठीक" लिहायचे, फार तर "ठीक आहे". मापवाली तिथे गोष्ट लिहायची. अमुक गृहस्थ रोपवाटिकेत काम करतात, त्यांना उकिडवं बसता आलं पाहिजे. तमुक मुलगी जिना दोन-दोन पायऱ्या गाळून उतरते, तळवा जाड द्या. मिस्त्री तोंडाने कुरकुरायचे, "बाई, मला पाय करायचाय, चरित्र नाही." पण शेरा वाचल्याशिवाय त्यांनी कधी लाकडाला हात लावला नाही.

पुढे कारखान्यात संगणक आला. मापवालीने एका बोटाने, दोन वर्षं खपून सगळी कार्डं त्यात चढवली, शेऱ्यांसकट. बरं झालं, कारण त्याच पावसाळ्यात कपाटाला ओल लागली आणि कार्डांचा लगदा झाला. तेव्हापासून चार हजार तीनशे बारा माणसांची मापं त्या एकाच डबड्यात होती, आणि जगात दुसरीकडे कुठेच नव्हती.

आता ते डबडंही म्हातारं झालं होतं. सुरू करताना घरघरायचं आणि बंद करताना रुसायचं. मापवालीच्या निवृत्तीला दहा दिवस राहिले असताना वरून हुकूम आला: सगळी माहिती इस्पितळाच्या नव्या मोठ्या डेटाबेसमध्ये हलवायची, शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता जुनं मशीन पुसून भंगारात द्यायचं, आणि सोमवारपासून नवा पाय नव्या पडद्यावर बघूनच करायचा. सोमवारी पहिला पाय कुणाचा करायचा हेही ठरलेलं होतं. एका शिंपिणीचा.

ही शिंपीण बसने साडेतीन तासांवर राहायची. जुना पाय घोट्यात तडकला होता, कुबड्यांवर दिवस काढत होती. एका कपड्यांच्या दुकानात तिला शिवणयंत्रावर बसायचं काम मिळालं होतं, एक तारखेपासून. पायाने चालवायचं यंत्र. एक तारखेला जी बसेल तिची जागा, असं मालकिणीने स्वच्छ सांगितलं होतं, कारण मागे दोन जणी वाट बघत होत्या. पुन्हा माप द्यायला यायचं, प्लास्टर सुकेपर्यंत थांबायचं, परत जायचं, एवढा वेळच उरला नव्हता. पाय करायचा तर जुन्या मापावरून, आणि तो वेळेत व्हायचा तर सोमवारीच हातात घ्यायला हवा.

मंगळवारी माहिती हलवणाऱ्या कंपनीचं माणूस आलं. मापवालीने चष्म्यातून पाहिलं आणि तिच्या हातातला चहा बशीत सांडला. माणूस म्हणजे तिची सूनच होती.

"अगं, तू? सकाळी घरी बोलली नाहीस ते!"

"काल रात्री बोलणार होते, पण तुम्ही आणि बाबा गादी कुठल्या बाजूने उलटायची यावर भांडत होतात. मध्ये कोण पडणार?" सून लॅपटॉप उघडत म्हणाली. "आणि आई, इथे मी कंपनीची माणूस. तुम्ही मला उगाच लाडावू नका."

"मी तुला घरी तरी कधी लाडावलं?"

"तेही आहेच म्हणा," सून म्हणाली, आणि दोघी हसल्या.

सुनेने काम समजावून सांगितलं. मापवालीने समजेपर्यंत सोडलंच नाही.

"हे बघा, माणसं चार हजार तीनशे बारा. एकेक न्यायचं तर वेळ लागेल, सगळी एकदम नेली आणि शेवटी काही बिघडलं तर सगळीच परत. म्हणून शंभराचा एक गठ्ठा. एक गठ्ठा म्हणजे एक ट्रान्झॅक्शन. शंभरच्या शंभर नीट उतरले तर कमिट, म्हणजे पक्कं. त्यातल्या एकाचंही काही बिनसलं तर रोलबॅक, अख्खा गठ्ठा मागे, जणू निघालाच नव्हता. हे सगळं करणारा जो जॉब आहे ना, तो स्वतःची एक वही ठेवतो मशीनमध्ये. गठ्ठा पोचला की वहीत खूण. मध्येच वीज गेली तरी नंतर वही बघून पुढच्या गठ्ठ्यापासून सुरू."

"शहाणा आहे की. आणि माणसाचं नाव आणि माप वेगवेगळं नाही ना जाणार?"

"वेगळ्या कप्प्यांत जातं, पण एकाच गठ्ठ्यात. गेलं तर दोन्ही."

"मग ठीक," मापवाली म्हणाली. हे तर ती पहिल्या दिवसापासून सांगत आली होती, फक्त इंग्रजी नावं माहीत नव्हती.

गुरुवारी दुपारी जॉब सुटला. पडद्यावर खुणा पडू लागल्या, एक, दोन, तीन. मिस्त्रीसुद्धा हातातला रंधा टाकून बघायला आले. सोळा खुणा झाल्या आणि सतराव्या गठ्ठ्यात जॉब धाडकन थांबला. कुणाच्या तरी नोंदीत काहीतरी मावत नव्हतं. सुनेने ती एक नोंद बाजूला काढून एका यादीत ठेवली, हिचं उद्या बघू म्हणाली, आणि जॉबला पुन्हा चाल दिली. जॉबने वही पाहिली, सतराव्याला खूण नव्हती, म्हणून सतरावा पुन्हा पहिल्यापासून उचलला आणि पुढे शेवटपर्यंत सुरळीत गेला. चव्वेचाळीस गठ्ठे, शेवटचा बारा जणांचा. चव्वेचाळीस खुणा.

संध्याकाळी इस्पितळाचे साहेब आले. हे साहेब फार कामसू होते, म्हणजे दुसऱ्याचं काम उरलेलं त्यांना बघवत नसे. त्यांनी बाजूला ठेवलेली ती एका नावाची यादी उचलली, नव्या मशीनमध्ये ते नाव शोधलं, आणि काय, नाव तिथे होतं! "ही तर आलीय की!" म्हणत त्यांनी नावावर काट मारली, यादी फाडली आणि टोपलीत टाकली. सून तोवर बस पकडायला निघून गेली होती.

शुक्रवारी सकाळी साहेब पेन उघडूनच आले. चव्वेचाळीस खुणा झाल्या, बाजूचं ते नावही नव्या मशीनमध्ये दिसलं म्हणून यादी फाडली, असं त्यांनी सुनेला सांगितलं. मग मशीन पुसायच्या कागदावर सही करायला पाच वाजायची वाट कशाला बघायची?

मापवाली डब्याची पिशवी खुंटीला अडकवत होती. तिने मान वळवून विचारलं, "पण तिकडे उतरले किती?"

"चव्वेचाळीस गठ्ठे."

"गठ्ठे नव्हेत हो. गठ्ठे इकडून किती निघाले ते झालं. तिकडे माणसं किती पोचली?"

हे कुणी मोजलंच नव्हतं. सुनेने दोन बोटांनी काहीतरी खटखट केलं आणि पडद्यावर आकडा आला. चार हजार तीनशे एकाहत्तर.

"वा!" साहेब म्हणाले. "कमी तर नाहीत ना? वर एकोणसाठ जास्तच आहेत. मग काय बिघडलं?"

"बिघडलं काय!" मापवालीने पिशवी खाली ठेवली. "साहेब, ही माणसं आहेत, बटाटे नव्हेत. एकोणसाठ माणसं आली कुठून? मी एकतीस वर्षं मापं घेतलीयत, एकही न मापता आत गेलेला नाही. हे एकोणसाठ जादा पाय कुणाचे?"

मिस्त्री दारातून म्हणाले, "मला नका विचारू. मी केलेले नाहीत."

सुनेचा चेहरा लाल झाला होता. साहेब फोन करायला बाहेर गेले तशी ती दबक्या आवाजात म्हणाली, "आई, हे मला एकटीला विचारता आलं असतं. साहेबांसमोर कशाला?"

"अगं, ते पेन उघडून उभे होते! तुला कोपऱ्यात नेऊन विचारेपर्यंत सही सुकली असती. रागव घरी गेल्यावर हवं तेवढं. आत्ता शोध."

सून रागावलेलीच होती, पण शोधायला बसली. राग आला की तिचं डोकं जास्त चालायचं, हे मापवालीला घरातल्या अनुभवाने माहीत होतं, म्हणून तिने समजूत घालायच्या भानगडीत न पडता नुसतं स्टूल ओढलं आणि शेजारी बसली. एकोणसाठ जण जुळे निघाले. नाव तेच, गुडघा तोच, माप तेच, फक्त दोन-दोनदा. सगळे सतराव्या गठ्ठ्यातले. आणि साठावी एक होती, ती एकदाच. नाव होतं. मापाच्या कप्प्यात उजेड.

मापवालीने नाव वाचलं. तिला नावं आठवत नसत, पण हे आठवलं, कारण सोमवारचा पाय तिचाच होता.

"अगं बाई," ती म्हणाली. "ही तर शिंपीण."

कागद लगदा झालेला. जुनं मशीन पाच वाजता पुसलं जाणार. साहेबांनी आत्ता सही केली असती, तर सोमवारी मिस्त्रींच्या पडद्यावर शिंपिणीचं नाव आलं असतं आणि खाली कोरी पाटी.

"थांबा," सून एकदम म्हणाली, आणि तिने कपाळावर हात मारून घेतला. "कळलं! कसली वेडी आहे मी! मॅनेजर चुकीच्या घरी बसवलाय."

"कुठला मॅनेजर? तो वरच्या मजल्यावरचा?"

"नाही हो! ट्रान्झॅक्शन मॅनेजर. जॉबचा मुकादम समजा. गठ्ठा पक्का झाला की नाही हे तो ठरवतो, आणि मोडला तर सगळ्यांना परत बोलावतो. जॉबची वही जुन्या मशीनवर आहे, म्हणून मुकादमही मी तिथेच नेमला. पण माणसं उतरत होती नव्या मशीनवर. तिथे मुकादमाचा हात पोचतच नाही. तिथे जो उतरला तो लगेच पक्का, गठ्ठा पुरा होवो न होवो."

मापवालीने डोळे मिटून मनात चित्र उभं केलं. "म्हणजे सतरावा गठ्ठा मोडला, तेव्हा याने वहीतली खूण तेवढी मागे घेतली. वही म्हणते, गठ्ठा निघालाच नाही. आणि इकडे एकोणसाठ माणसं नव्या घरात जाऊन पाय पसरून बसलीयत."

"बरोबर! मग जॉबने गठ्ठा पुन्हा उचलला आणि तीच माणसं पुन्हा आली. नवं मशीन प्रत्येकाला नवा नंबर देतं, त्याने ओळखलंच नाही. आणि शिंपीण साठावी. तिचं नाव उतरलं, पक्कं झालं, आणि माप उतरताना जॉब मोडला. दुसऱ्या फेरीत मी तिला बाजूला काढली होती, म्हणून माप कधी गेलंच नाही."

"आणि नाव दिसलं म्हणून साहेबांनी यादी फाडली."

"हो."

"पण मोडला कशाने? एवढं काय मावत नव्हतं तिचं?"

सुनेने जुनी नोंद उघडली, वाचली, आणि तिचा राग कुठल्या कुठे गेला. ओठ दाबून ती हसू आवरत होती. "आई, नव्या मशीनमध्ये शेऱ्याला दोनशे अक्षरांची जागा आहे. तुम्ही काय लिहिलंय वाचू?"

"वाच की. मी काय चोरी केलीय?"

"'बाई शिंपीण आहे. पायाने यंत्र चालवते, म्हणून टाच दोन बोटं उंच आणि पंजा पुढे झुकलेला हवा. नेहमीसारखा सरळ पाय दिल्यास पायडल दाबताना गुडघा फळीला आपटतो, हे मागच्या खेपेस घडलेलं आहे व फळीलाही खोक पडलेली आहे. बाई हट्टी आहे, दुखलं तरी सांगत नाही. तिच्या बोलण्यावर न जाता कपाळाकडे बघावं. स्वभावाने मात्र चांगली.'"

मिस्त्री दारात पोट धरून हसत होते. "तरी मी एकतीस वर्षं सांगतोय! शेऱ्यापायी एक दिवस कारखाना बंद पडेल!"

"तुम्ही गप्प बसा," मापवाली म्हणाली, पण तिचे कान तापले होते. "त्यातली टाच काढून दाखवा आणि करा बरं पाय."

"टाच कशी काढणार? टाच तर हवीच."

"मग?"

"'स्वभावाने चांगली' काढलं तर?" सून म्हणाली.

"ते तर मुळीच नाही काढायचं!"

शेवटी काहीच काढायचं नाही असं ठरलं. सुनेने शेऱ्याची जागा हजार अक्षरांची केली. मापवालीने विचारलं, मग आता या शिंपिणीचं तेवढं हाताने भरून टाकायचं का? फोन संपवून दारात आलेले साहेब लगेच म्हणाले, हो हो, तेच करा आणि आटपा. पण सून मान हलवत म्हणाली, "नाही. एक सापडली म्हणजे एकच आहे असं नव्हे. मुकादमच जागेवर नव्हता, तर एकाही गठ्ठ्याची खात्री मी देणार नाही. नवं घर रिकामं करून सगळं पहिल्यापासून."

"पाच वाजता मशीन जाणार आहे," साहेब म्हणाले.

"मग आत्ता अकरा वाजलेत, आम्हाला बोलत ठेवू नका," मापवाली म्हणाली, आणि तिने साहेबांना आपली खुर्ची दिली, भिंतीकडे तोंड असलेली.

आता मुकादम नव्या मशीनवर नेमायचा हे उघड होतं. पण मापवालीला एक खोच दिसली. "अगं, मुकादम नव्या घरी गेला की जुन्या घरातल्या वहीकडे कोण बघणार? तेव्हा तिथल्या खुणा खोट्या पडतील. दोन्ही घरांवर हुकूम चालेल असा एकच नाही का मिळत?"

"मिळतो. पण त्याचा थाट फार. तो दोन्ही घरांना आधी विचारत बसतो, तुमचं तयार का, तुमचं तयार का, आणि दोघं हो म्हणाली की मग पक्कं करतो. एवढ्याशा कामाला ते लटांबर कशाला? त्यापेक्षा मी वहीच उचलून नव्या घरी नेते. माणसं, मापं आणि खुणा, सगळं एका छपराखाली, एका मुकादमाच्या हाताखाली. शिवाय प्रत्येकाचा जुना नंबरही सोबत पाठवते, म्हणजे एकच माणूस दुसऱ्यांदा आला तर दारातच अडेल."

"हं," मापवाली म्हणाली. सुनेला तिच्याकडून मिळणारी ही सर्वांत मोठी शाबासकी होती, आणि सुनेला ते ठाऊक होतं.

एक वाजता जॉब पुन्हा सुटायला तयार झाला. मापवालीने डबा उघडून अर्धा सुनेपुढे सरकवला आणि अर्धा आपण घेतला. मग म्हणाली, "सुटू दे. पण मला एकदा तो मध्येच तोडायचाय."

"काय?"

"नीट चाललेलं कुणीही नीट करतं. मोडल्यावर काय होतं ते बघितल्याशिवाय मी कुणाला पाय देत नाही. मिस्त्रींना विचार. प्रत्येक नव्या पायावर मी आधी स्वतः उडी मारून बघते."

"मारतात," मिस्त्री म्हणाले. "दोन स्टुलं मोडलीयत."

सुनेने एक निळी वायर दाखवली. जॉब सुटला. खुणा पडू लागल्या. मापवाली वायर चिमटीत धरून, भाजीत मीठ टाकायची वेळ बघावी तशी पडद्याकडे बघत होती. एकोणीस, वीस, एकवीस, बावीस. तेवीसची खूण पडली, चोविसावा गठ्ठा अर्ध्यात आला असेल, आणि तिने वायर खसकन ओढली.

साहेब खुर्चीतून उडाले. "अहो, हे काय केलंत!"

"मोजा," मापवाली म्हणाली.

सुनेने मोजलं. वहीत तेवीस खुणा. नव्या घरात माणसं दोन हजार तीनशे. मापांच्या नोंदी? तिने तेही मोजलं. दोन हजार तीनशे. एक वर नाही, एक खाली नाही. चोविसाव्या गठ्ठ्यातला एक जीव तिकडे रेंगाळला नव्हता.

"अगं, जमलं की गं!" मापवालीने तिच्या पाठीत अशी थाप मारली की सुनेचा चष्मा घसरला. वायर परत जोडली, जॉबने वही पाहिली, चोविसावा गठ्ठा शहाण्यासारखा पहिल्यापासून उचलला, आणि अडीच वाजता चव्वेचाळिसावी खूण पडली. या वेळी सगळे एकदमच ओरडले, "तिकडे किती?"

चार हजार तीनशे बारा माणसं. चार हजार तीनशे बारा मापं.

पण मापवालीचं अजून भागलं नव्हतं. तिने शिंपीण काढायला लावली. नाव. डावा, गुडघ्याखाली अकरा. घेर, उंची, टाच. आणि त्याखाली पुरा शेरा, 'स्वभावाने मात्र चांगली' आणि पूर्णविराम. मग तिने आपल्या मनाने आणखी वीस गुडघे विचारले, सुनेने एकेक उघडले, आणि मापवाली पडद्याकडे न बघता आकडे बोलत गेली. वीसच्या वीस जुळले. मिस्त्रींनी मात्र एका ठिकाणी, "बाई, हा सोळा नाही, साडेसोळा आहे," असं म्हणून बघितलं. पडदा सोळा म्हणाला. मिस्त्री रंधा मारायला निघून गेले.

पाच वाजता साहेबांनी सही केली. जुनं डबडं शेवटचं घरघरलं आणि बंद झालं. मापवालीला वाटलं होतं जरा डोळ्यांत पाणी येईल, पण मिस्त्रींनी कुठूनतरी बिस्किटांचा पुडा आणला होता आणि सून साहेबांना सांगत होती, "या माझ्या सासूबाई. घरीसुद्धा अशाच वायर ओढतात." साहेब म्हणाले, दोघींना एका खोलीत ठेवणार हे कंपनीने आधी सांगायला हवं होतं. मग रडायचं राहूनच गेलं.

सोमवारी सकाळी मिस्त्रींनी नवा पडदा उघडला, शेरा दोनदा वाचला, आणि पाय हातात घेतला.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी, म्हणजे मापवालीच्या नोकरीच्याही शेवटच्या दिवशी, पाय तयार होता. तिच्या कामाच्या कागदात कुठेही लिहिलेलं नव्हतं, पण ज्यांना यायला जमत नाही त्यांचा पाय ती स्वतः नेऊन द्यायची. त्या दिवशी नवरा म्हणाला होता, आज तरी दुसऱ्या कुणाला पाठव. ती म्हणाली होती, का, आज काय आहे? तिने पाय जुन्या चादरीत गुंडाळला, बोटं तेवढी बाहेर ठेवली, कारण नाहीतर लोक नको ते समजतात, आणि सकाळच्या बसमध्ये खिडकीजवळ बसली.

कंडक्टर ओळखीचा होता. "आज कुणाचा?"

"शिंपिणीचा. डावा."

"एकच तिकीट देऊ ना?"

"दे. हा मांडीवर बसेल."

दुपारी बारा वाजता ती दुकानात पोचली. मागच्या खोलीत यंत्र लावलेलं होतं, फळीला अजून खोक नव्हती, शेजारी दोन कुबड्या. शिंपिणीने पाय चढवला, पट्टे आवळले, उभी राहिली, दोन येरझारा घातल्या आणि तिसऱ्या येरझारेत न थांबता सरळ यंत्रावर जाऊन बसली. पंजा पायडलवर टेकला. टाच दोन बोटं वर. तिने चाक हाताने एकदा ढकललं आणि पाय दाबला. यंत्र बोलायला लागलं. कापडाचा एक लांब तुकडा भराभर पुढे सरकत टेबलावरून खाली लोंबायला लागला, आणि शिंपीण थांबेचना. दुकानाची मालकीण दारात येऊन बघत राहिली आणि आत जाऊन मोजपट्टी घेऊन आली, उद्याच्या कामाची.

"दुखतंय?" मापवालीने विचारलं.

"छे! मुळीच नाही, ताई."

मापवालीने तिच्या कपाळाकडे पाहिलं. कपाळ साफ होतं. तरी तिने खाली बसून पट्टा एक भोक सैल केला, गुडघा आणि फळी यांमधून हात फिरवून बघितला, आणि उठली.

"पुढच्या वेळी तुम्हीच याल ना?" शिंपिणीने विचारलं.

"पुढच्या वेळी दोन वर्षांनी. तोवर रोज रात्री पुसून ठेव, ओल्याने चढवू नकोस. इथे सही कर."

शिंपिणीने पावतीवर सही केली. मापवालीने खाली पोच मिळाली असं लिहिलं, तारीख घातली, शेऱ्याच्या जागी चार ओळी लिहिल्या, पाचवी समासात बसवली, पावती चार घड्या करून पर्समध्ये ठेवली. चादर झटकून घडी केली. मग परतीची बस किती वाजता आहे ते विचारलं. सव्वाची होती. ती तिने पकडली.